यूबिकी ५सी एनएफसी: एक महागडी की दोन स्वस्त?

यूबिकी ५सी एनएफसी ही ऑनलाइन खात्यांत लॉगिन करताना ओळख पटवायला संगणकाला लावायची किंवा फोनला टेकवायची 'सिक्युरिटी की' आहे (एनएफसी म्हणजे टेकवून चालणारे तंत्र). पहिली अडचण नावाचीच. 'सिक्युरिटी की' असे मराठीत लिहिले की वाक्यातली कोणती 'की' वस्तू आणि कोणती अव्यय, हे कळेनासे होते. म्हणून इथे सरळ किल्ली म्हणू. दिसायलाही ती तशीच आहे: ४५ मिलिमीटर लांब, १८ मिलिमीटर रुंद, वजन जेमतेम ४ ग्रॅम, एका टोकाला यूएसबी-सीची पिन, दुसऱ्या टोकाला कडी ओवायला भोक आणि मधोमध सोनेरी चकती. बॅटरी नाही, पडदा नाही, दाबायचे बटणही नाही. चकतीला फक्त बोट लावायचे. पाहणाऱ्याला वाटते की ती बोटाचा ठसा घेते. तसे काही नाही, कुणाचेही बोट चालते. लॅपटॉपसमोर खरोखर माणूस बसला आहे एवढेच तो स्पर्श सांगतो. ठसा ओळखणारी किल्ली वेगळी मिळते आणि बरीच महाग पडते.

निकाल आधीच सांगून टाकतो. गूगल, ॲपल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक, एक्स, गिटहब, झोहो अशी खाती राखण्यासाठी किल्ली हवी असेल, तर ५सी एनएफसी घेऊ नका. याच कंपनीची, यूबिकोची, 'सिक्युरिटी की सी एनएफसी' साधारण निम्म्या किमतीत येते आणि या खात्यांपुरते दोघींचे काम अगदी एकसारखे आहे. वाचलेल्या पैशांत दुसरी किल्ली घ्या. एकाच किल्लीच्या भरवशावर खाते ठेवणे म्हणजे घराला कुलूप लावून एकुलती एक चावी खिशात टाकून यात्रेला जाण्यासारखे आहे.

आपल्याकडे यूएसबीला लावायची 'सुरक्षेची' वस्तू म्हटली की सीएच्या टेबलावरचे डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचे, टोकन आठवते. तो अनुभव मनातून काढून टाका. टोकनात तुमच्या नावाचे प्रमाणपत्र असते, ते दर एक ते तीन वर्षांनी नवे करावे लागते, ड्रायव्हर टाकावा लागतो आणि जीएसटीची शेवटची तारीख आली की नेमके तेच टोकन संगणकाला दिसत नाही. या किल्लीत तुमचे नाव नसते, मुदत नसते, ड्रायव्हर लागत नाही. विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन सगळे तिला आपसूक ओळखतात. मात्र उलटेही खरे आहे. आयकर किंवा निविदेच्या पोर्टलवर सही करायला ही किल्ली उपयोगाची नाही. तिथल्या डिजिटल सहीला डीएससीच लागते.

किल्ली आत काय करते ते एकदा समजले की पुढच्या बऱ्याच अडचणी आपोआप उलगडतात. खात्याला जोडताना ती त्या संकेतस्थळापुरती एक जोडी तयार करते. उघड अर्धा भाग संकेतस्थळाकडे जातो, गुप्त अर्धा किल्लीतून कधीच बाहेर पडत नाही. पुढे लॉगिन करताना ब्राउझर स्वतः किल्लीला सांगतो की आपण कोणत्या पत्त्यावर आहोत. पत्त्यात एका अक्षराचा जरी फरक असला, तरी किल्लीकडे त्या पत्त्यासाठी उत्तरच नसते. ओटीपीची गोष्ट वेगळी आहे. तो सहा आकडी असतो, वाचता येतो, म्हणून खोट्या पानावर टाकताही येतो, फोनवर कुणाला सांगताही येतो. ऑथेंटिकेटर ॲप दर ३० सेकंदांनी नवा आकडा दाखवते, तोही तसाच. समोरच्या चोराने तो ३० सेकंदांच्या आत खऱ्या संकेतस्थळावर टाकला की संपले.

२०२२ च्या जुलैमध्ये क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या कर्मचाऱ्यांना खोट्या लॉगिन पानाची लिंक असलेले एसएमएस आले. तिघांनी पासवर्ड भरलासुद्धा. तरी आत कुणाला शिरता आले नाही, कारण प्रत्येकाला किल्ली सक्तीची होती. त्याच सुमारास ट्विलिओ या कंपनीवर अगदी तशाच एसएमएसने हल्ला झाला आणि तिथे चोर आत पोचले. माणसे दोन्हीकडे सारखीच फसली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मग ५ मालिकेचे (५सी एनएफसी तिच्यातलीच) जादा पैसे कशाचे? आत आणखी चार-पाच कामे भरलेली आहेत. ऑथेंटिकेटर ॲपचे सहा आकडी कोड ती स्वतःच्या पोटात ठेवते. नव्या फर्मवेअरमध्ये (किल्लीच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) ६४ खाती मावतात, जुन्यात ३२. शेअर दलालांच्या ॲपला किंवा फक्त असे कोड मागणाऱ्या सेवेला याचा फायदा होतो, कारण फोन हरवला तरी कोड हरवत नाहीत. याशिवाय पीजीपीच्या चाव्या, स्मार्टकार्डसारखी प्रमाणपत्रे आणि कीपासएक्ससी हा पासवर्डांचा डबा उघडायला लागणारे आव्हान-प्रतिसादाचे तंत्रही आहे. यातले एकही काम ओळखीचे वाटले नसेल, तर ५ मालिका तुमच्यासाठी नाही. गिटहबवर एसएसएचने प्रोग्रॅमचा कोड चढवणाऱ्यांना मात्र वाटते की आपल्याला महागडीच लागणार. तसे नाही. ओपनएसएसएच ८.२ पासून, म्हणजे २०२० पासून, स्वस्त किल्लीवरही एसएसएच चालते. मॅकवाल्यांनी तेवढे होमब्रूमधले ओपनएसएसएच घालावे, सोबत आलेल्यात हा आधार नीट नसतो.

महागडी आणखी एक काम करते आणि ते कुणालाच नको असते. ५ मालिकेची किल्ली लॅपटॉपला लावून ठेवली आणि चुकून चकतीला बोट लागले, तर ती कीबोर्ड असल्यासारखी ४४ अक्षरे टाइप करते आणि वर एंटरही मारते. इंग्रजी कीबोर्ड चालू असेल तर ओळीची सुरुवात 'सी-सी' या अक्षरांनी होते. इनस्क्रिप्ट मराठी चालू असेल तर त्याच जागी म येतो, म्हणून कार्यालयाच्या ग्रुपवर 'मम' करत सुरू होणारी एक निरर्थक ओळ जाते. घाबरू नका, त्यातून तुमच्या गूगल खात्याचे काहीही उघड होत नाही. तो यूबिकोच्या जुन्या एकवेळच्या कोडाचा प्रकार आहे. तरी पहिल्याच दिवशी बंद करून टाका: संगणकावर यूबिको ऑथेंटिकेटर हे कंपनीचे ॲप उघडा, किल्ली लावा, ॲप्लिकेशनांच्या यादीत यूएसबीखालचे 'यूबिको ओटीपी' काढा आणि एनएफसीखालचेही काढा. एनएफसीवरचे राहिले तर किल्ली फोनजवळ गेली की ब्राउझरमध्ये एक पान उघडते आणि फोन बिघडला असे वाटते. स्वस्त किल्लीत हा प्रकारच नाही.

विकत घेताना पाहायची गोष्ट आहे फर्मवेअर. हे कधीही अपडेट होत नाही. जाणूनबुजून तसे ठेवले आहे, म्हणजे बाहेरून कुणाला आत काही घुसवता येऊ नये. पण त्यामुळे जुना माल कायमचा जुनाच राहतो. मे २०२४ मध्ये ५.७ आले आणि पासकी (पासवर्डाऐवजी लॉगिनला चालणारी साठवलेली जोडी) ठेवण्याची जागा २५ वरून १०० झाली. त्याहून महत्त्वाचे, सप्टेंबर २०२४ मध्ये निंजालॅबच्या संशोधकांनी 'युक्लीक' ही त्रुटी उघड केली. इन्फिनिऑन या कंपनीच्या चिपबरोबर येणाऱ्या गणिती सॉफ्टवेअरमध्ये ती होती आणि ५.७ च्या आधीच्या किल्ल्या तिच्या कचाट्यात येतात. त्यासाठी चोराला किल्ली हातात लागते, ती उघडावी लागते आणि हजारो डॉलरची उपकरणे लागतात. तुमच्याकडे जुनी किल्ली असेल तर ती फेकून देण्याची काही गरज नाही, फोनवरच्या ओटीपीपेक्षा ती अजूनही कितीतरी बरी. पण आज नवे पैसे मोजताना जुना माल का घ्यायचा?

खोक्यावरून आवृत्ती कळेलच असे नाही. विक्रेत्याला आधी विचारा, अधिकृत वितरकाकडूनच घ्या आणि परत करण्याची मुदत संपायच्या आत यूबिको ऑथेंटिकेटरमध्ये आवृत्ती पाहा. विंडोजवर हे ॲप ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावे लागते, नाहीतर पिन आणि पासकीचा भाग उघडत नाही. किल्ली खरी आहे का, हे यूबिकोच्या संकेतस्थळावरच्या पडताळणीच्या पानावर किल्ली लावून एका मिनिटात कळते. पाकीट फोडलेले, 'ओपन बॉक्स' किंवा वापरलेली किल्ली स्वस्त मिळाली तरी नको. भारतातली किंमत आयातशुल्क, जीएसटी आणि विक्रेत्याचा वाटा धरून परदेशातल्यापेक्षा चढीच असते, त्यामुळे कुणी नातेवाईक पुण्या-मुंबईला येत असेल तर त्याच्या बॅगेत दोन किल्ल्यांना जागा सहज होते.

दोन किल्ल्या कोणत्या? एक यूएसबी-सी, एक यूएसबी-ए, दोन्ही एनएफसीवाल्या. घरचा नवा लॅपटॉप आणि फोन 'सी'वर, कार्यालयातला किंवा सायबर कॅफेतला डेस्कटॉप 'ए'वर. दोन्ही एकाच प्रकारच्या घेतल्या तर वेगळ्या ओळखायची सोय करून ठेवा. ५ मालिकेच्या पाठीवर अनुक्रमांक असतो, स्वस्त मालिकेच्या साध्या किल्लीवर नसतो. नेलपॉलिशचा एक ठिपका पुरतो.

आता जोडणी. आधी किल्ली संगणकाच्या यूएसबीला किमान ३ सेकंद लावा. ५.७ च्या किल्ल्या कारखान्यातून एनएफसी झोपवून येतात, वाटेत टपालातच कुणी वाचू नये म्हणून. यूएसबीची वीज मिळाल्याशिवाय एनएफसी जागे होत नाही. खोक्यातून काढून थेट फोनला टेकवणारे 'खराब निघाली' म्हणून परत पाठवतात, ते यामुळेच.

मग पिन, म्हणजे किल्लीचा गुप्त शब्द. चारपासून ६३ अक्षरांपर्यंत चालतो, नुसते आकडेच हवेत असे नाही. सलग तीनदा चुकला तर किल्ली काढून पुन्हा लावावी लागते. लागोपाठ आठ चुका झाल्या की किल्लीचा लॉगिनचा विभाग बंद. मग रीसेट करूनच किल्ली वापरता येते आणि रीसेट म्हणजे सगळ्या खात्यांशी असलेले नाते तुटले. पिन विसरला तर कंपनीला फोन करून उपयोग नाही, त्यांच्याकडेही तो नसतो. रीसेट करताना किल्ली काढून पुन्हा लावल्यावर काही सेकंदांतच चकतीला बोट लावावे लागते. वेळ गेली की चूक दाखवते आणि लोकांना वाटते की किल्ली मेली.

गूगल खात्यात सिक्युरिटीच्या भागात 'पासकीज अँड सिक्युरिटी कीज' उघडा. इथे दहापैकी नऊ जण चुकतात. 'क्रिएट अ पासकी' दाबले की विंडोज हॅलो, आयक्लाउड कीचेन किंवा गूगल पासवर्ड मॅनेजर लगबगीने पुढे येतात आणि पासकी लॅपटॉपमध्येच किंवा फोनमध्येच साठवतात. किल्लीचा दिवासुद्धा लागत नाही. म्हणून आधी 'यूज अनदर डिव्हाइस' निवडा, पुढच्या चौकटीत 'सिक्युरिटी की' निवडा. मग पिन, मग स्पर्श. कधी दोनदा स्पर्श मागते. चकतीजवळचा दिवा लुकलुकला की बोट लावायचे, दाबायचे नाही. यूएसबी-सीची पिन आडवी दाबली की लॅपटॉपच्या भोकावर ताण येतो, म्हणून खालून दुसऱ्या बोटाचा आधार द्या. बोट ओले असेल किंवा कोरडे ठणठणीत असेल तर चकती ऐकत नाही, पुसून पुन्हा लावा.

दुसरी किल्ली लॉकरात राहणार, म्हणून नाव देताना 'घरची-सी' आणि 'लॉकर-ए' असे लिहा. लगेच, त्याच बैठकीत, दुसरी किल्लीही जोडा. एका किल्लीची नक्कल दुसरीत होत नाही, तेव्हा प्रत्येक खात्यावर दोन्ही वेगवेगळ्या जोडाव्याच लागतात. 'दुसरी नंतर जोडू' हे नंतर कधीच येत नाही. ॲपलने हा प्रश्नच ठेवला नाही. जानेवारी २०२३ मध्ये आयओएस १६.३ पासून त्यांनी किल्ल्या स्वीकारल्या त्या किमान दोन असतील तरच, जास्तीत जास्त सहा. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउड सेवेवर आठपर्यंत चालतात. गिटहब मात्र आधी ॲपचे कोड किंवा एसएमएस चालू करायला लावते, मगच किल्ली घेते. पासवर्ड साठवणारे बिटवॉर्डन फुकटच्या खात्यालाही किल्ली देते, त्यामुळे बाकी सगळे पासवर्ड एका किल्लीमागे जातात.

आता सगळ्यात महत्त्वाचे आणि सगळ्यात दुर्लक्षित काम: मागची दारे बंद करणे. किल्ली जोडली, पण खात्यात पासवर्डनंतरची दुसरी पायरी म्हणून मोबाइल नंबर तसाच राहिला, तर चोर 'दुसऱ्या मार्गाने प्रयत्न करा' वर टिचकी मारून एसएमएस मागवतो. तुमच्या नंबरचे सिम स्वतःकडे बदलून घेणारा चोर किल्लीकडे बघतही नाही. दोन्ही किल्ल्या चालतात याची खात्री झाली की दुसऱ्या पायरीतून नंबर काढा. त्याआधी गूगलचे दहा बॅकअप कोड कागदावर छापा आणि दुसऱ्या किल्लीसोबत ठेवा. फोनमध्ये फोटो काढून नव्हे. खात्री करायची म्हणजे ब्राउझरची खासगी (इन्कॉग्निटो) खिडकी उघडून प्रत्येक किल्लीने एकेकदा खरोखर लॉगिन करून पाहायचे. पत्रकार, कार्यकर्ते, वकील यांनी गूगलचे ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन घ्यावे. ते बाहेरच्या बहुतेक ॲपना मेल वाचू देत नाही आणि खाते परत मिळवण्याची वाट मुद्दाम लांब करते.

फोनवरचा अनुभव संमिश्र. आयफोनवर किल्ली वरच्या कडेला टेकवून दोन-तीन सेकंद स्थिर धरली की काम होते. लोक ती टेकवून लगेच उचलतात आणि चुकते. आयपॅडला एनएफसीच नाही, तिथे किल्ली आयपॅडच्या भोकातच लावावी लागते. लायटनिंगवाल्या जुन्या आयपॅडसाठी ५सीआय हा वेगळा नमुना घ्यावा लागेल. अँड्रॉइडमध्ये एनएफसीची जागा फोनगणिक बदलते, बहुधा कॅमेऱ्याच्या खाली. जाड कव्हर आणि मागची लोखंडी रिंग आड येते. भारतात विकल्या जाणाऱ्या कितीतरी स्वस्त फोनांना एनएफसी नसतेच. शिवाय पिन लागणारी लॉगिने अँड्रॉइडवर एनएफसीपेक्षा यूएसबीने जास्त भरवशाची होतात, म्हणून सरळ लावूनच वापरा. लावल्यावर दिवाही लागला नाही तर फोनच्या सेटिंगमध्ये 'ओटीजी कनेक्शन' शोधा. काही ब्रँडच्या फोनांत ते बंद असते आणि चालू केले तरी काही मिनिटे वापर नसला की पुन्हा आपोआप बंद होते.

किल्ली काय वाचवत नाही, तेही स्पष्ट असू द्या. लॉगिन झाल्यावर ब्राउझरमध्ये जी कुकी (लॉगिन झाल्याची साठवलेली खूण) राहते, ती चोरली गेली तर किल्लीचा काही उपयोग नाही. मार्च २०२३ मध्ये लायनस टेक टिप्स हे मोठे यूट्यूब चॅनल असेच गेले: जाहिरातीच्या नावाखाली आलेली फाइल उघडली, तिने लॉगिनची कुकीच उचलली, पासवर्ड किंवा दुसरी पायरी कुणी विचारलीच नाही. क्रॅक केलेले सॉफ्टवेअर उतरवणाऱ्याला कितीही महाग किल्ली वाचवणार नाही. आणि फोनवर दटावणाऱ्या खोट्या पोलिसाला घाबरून स्वतःच पैसे पाठवले, तर तिथे लॉगिनचा प्रश्नच नव्हता.

भारतात हात आखडतो तो बँकांपाशी. सर्वसाधारण ग्राहकाच्या नेटबँकिंगला किल्ली जोडायची सोय जवळपास कुठेच नाही. आधार आणि डिजिलॉकरही मुख्यतः ओटीपीवर चालतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या नियमांत एसएमएसखेरीज इतर मार्गांनाही जागा आहे, पण बँक ती सोय देईल तेव्हा खरे. तोवर एक आडवळणाचा फायदा तरी आहे. बँकेची स्टेटमेंटे, पासवर्ड बदलायच्या लिंका ज्या मेलवर येतात, ते मेल किल्लीमागे जाते. आणि परदेशात असलेल्या मराठी माणसाला याची किंमत लगेच कळते. भारतातले सिम रोमिंगवर जागे ठेवण्याची धडपड निदान मेल आणि ॲपल खात्यापुरती तरी संपते.

यूबिकोशिवाय पर्याय आहेत. स्वित्झर्लंडची टोकन२ बरीच स्वस्त आहे आणि तिच्या पिन+ मालिकेत ३०० पासकी मावतात. जर्मनीची नायट्रोकी ३ उघड्या सोर्सची आहे आणि तिचे फर्मवेअर अपडेट होते, ज्यांना यूबिकोचे बंद धोरण पटत नाही त्यांच्यासाठी ती आहे. बनावटीचा पक्केपणा आणि जागोजागी मिळणारी मदतीची पाने यांत यूबिको पुढे आहे. पण दुसरी, लॉकरात पडून राहणारी किल्ली टोकन२ ची असली तरी काही बिघडत नाही. दोन वेगळ्या कंपन्यांच्या किल्ल्या असल्या तर युक्लीकसारखी एखादी त्रुटी दोघींना एकदम लागण्याची शक्यताही कमी होते.

किल्ली हरवली तर सापडणाऱ्याला ती कुणाची हे कळत नाही, आणि पिनशिवाय आतल्या पासकी दिसत नाहीत. तुम्ही दुसरी किल्ली काढायची, एकेका खात्यात शिरायचे, हरवलेलीचे नाव यादीतून काढायचे आणि नवी मागवून जोडायची. अडचण एकच येते. जिथे किल्ली फक्त दुसरी पायरी म्हणून जोडली होती, ती खाती किल्लीला स्वतःलाही आठवत नाहीत. त्यांच्यासाठी तिच्यात काही साठतच नाही, म्हणून तर अशी कितीही खाती जोडता येतात. त्यामुळे उरलेल्या किल्लीला विचारूनही यादी मिळत नाही. जोडणी करतानाच एका वहीत खात्याचे नाव, तारीख आणि 'दोन्ही जोडल्या' अशी खूण लिहा आणि ती वही लॉकर-ए जिथे ठेवली आहे तिथेच ठेवा.